गाडी कुठं चाललीय

आबा जेवायला बसले की एक नियम नेहमी सांगायचे, आणि तो जेवणाचा नसायचा. "पोराला गाडीत बसवताना थाप मारायची न्हाई."

आबा, म्हणजे माझे वडील तात्याबा, बीडला पोलीस हवालदार होते. गुन्ह्यात सापडलेल्या अठराच्या आतल्या मुलांना निरीक्षणगृहातून बाल न्याय मंडळापुढे न्यायचं, दवाखान्यात न्यायचं, परत आणायचं, हे त्यांचं काम. त्यातली काही मुलं हाणामारीवर येणारी असत. आबा उमापूरच्या मेंढपाळ घरात वाढलेले. ते म्हणायचे, "जनावराला फसवून एकदाच टेम्पोत चढवता येतं. दुसऱ्यांदा ते टेम्पो बघूनच शिंगं रोखतं."

दोन वर्षांपूर्वी कार्तिकात आबा गेले. मी तेव्हा पुण्याला एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासत होते. अनुकंपा तत्त्वावर मला त्यांच्या जागी घेतलं, आणि प्रशिक्षण संपल्यावर मी त्याच कामावर हजर झाले. लोकांना वाटलं, पुस्तकं वाचणारी पोरगी, आठ दिवसांत टेबलावरचं काम मागेल. मी मागितलं नाही. आबांचं कपाट मला उघडवत नव्हतं, पण त्यांचं काम करवत होतं.

मार्चमध्ये युवराजची दहावीची परीक्षा आली.

युवराज वडवणीजवळच्या एका वस्तीवरचा, सतराव्या वर्षातला. आईबाप दर हंगामात ऊस तोडायला कर्नाटकात. त्याने मुकादमाच्या पुतण्याच्या खांद्यावर कोयता मारला होता. माणूस वाचला. का मारला ते मंडळ ठरवेल. माझं काम त्याला नेण्या-आणण्याचं. पण त्या कामातच त्याचं नाव खराब झालं होतं. पकडल्यावर वडवणीहून बीडला आणताना कुणीतरी त्याला सांगितलं होतं, "साहेबांची सही झाली की तुला घरीच सोडायचंय." गाडी त्याच्या वस्तीच्या फाट्यावरून न वळता सरळ पुढे गेली, आणि त्याने काच फोडली. शेजारी बसलेल्या हवालदार भारतनानांचा पुढचा दात पाडला. दुसऱ्या खेपेला त्याचे हात बांधून दवाखान्यात नेलं, तर तो चावला. तेव्हापासून त्याच्या नावापुढे 'हिंसक' हा शब्द चिकटला.

मंडळाच्या न्यायाधीश मॅडमनी तरीही त्याला वडवणीच्या केंद्रावर परीक्षेला बसायची परवानगी दिली. अट एकच. वाटेत एकही प्रकार घडला तर परवानगी मंडळापुढे पुन्हा येईल, आणि बहुतेक रद्द होईल. म्हणजे त्याचं वर्ष जाणार. आणि गेलेलं वर्ष कसं भरून काढायचं हे निरीक्षणगृहातल्या मुलाला कुणी सांगत नाही.

पहिला पेपर मराठीचा. सकाळी मी साध्या सलवार-कमीजमध्ये निरीक्षणगृहाच्या दारात पोचले. मुलांना नेताना वर्दी घालायची नाही, हा कायदाच आहे. गळ्यात ओढणी नको, कानात लोंबतं नको, ओढता येईल अशी वेणी नको, हे आबांचं. भारतनाना आधीच येऊन भाड्याच्या पांढऱ्या जीपला टेकून उभे होते. चेक्सचा शर्ट, आणि खांद्यावर नवा कोरा गमछा.

"नाना, गमछा कशाला?"

"ऊन लई हाय."

"साडेआठ वाजलेत."

ते हसले. दाताची खिडकी दिसली. "हे बग मोहिनी, बेडी न्हाई, दोर न्हाई. गमछा म्हंजे कापूड. हातावर नुसता टाकायचा, खाली एक गाठ. कुणाला दिसत न्हाई."

"त्याला दिसते ना."

"तुज्या आबाचे दात मरस्तोवर शाबूत होते. माजा एक गेलाय."

"आबांनी कधी बांधलं का?"

नानांनी गमछा झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला. "ते तात्याबा होते," म्हणाले. पण गाठीचं पुढे बोलले नाहीत.

युवराज बाहेर आला तो भिंतीच्या कडेकडेने. उंच, हाडकुळा, केस चापून बसवलेले. हातात प्लास्टिकची पारदर्शक पिशवी: हॉलतिकीट, पट्टी, दोन पेनं. पेनं मी मागून घेऊन पर्समध्ये टाकली.

"ही केंद्रावर देईन. गाडीत टोकदार काही हाताशी ठेवायचं नाही, मीही नाही. आता ऐक. इथून घाटसावळी, मग वडवणी. मधे थांबायचं नाही. शाळेच्या फाटकाशी पोलीस असतील, कॉपीसाठी. ते आपले नाहीत. पेपर सुटला की मी फाटकाशी उभी असेन, आणि तिथून परत इथेच."

"वस्तीवर?"

"नाही. जाता-येता फाटा दिसेल. गाडी वळणार नाही."

हे ऐकून मुलं बहुतेक मान खाली घालतात. याने वर बघितलं. "आयला," तो म्हणाला, "एकानं तरी सांगितलं."

"कुठली खिडकी हवी?"

त्याने डावी घेतली. मी मधे बसले, उजवीकडे नाना. दाराला आतून न उघडणारं कुलूप होतं, काच वरून चार बोटं उघडी. पुढे एकटा नाथा, आमचा ड्रायव्हर, तंबाखू मळत.

"नाथाभाऊ, दोन्ही हात स्टेअरिंगवर."

"तात्याबाची पोरगी शोभतीस बाई," असं म्हणून त्याने तंबाखू ओठात सोडली.

घाटसावळी जवळ आली. मग युवराजने विचारलं, "ताई, निबंध कोणता येईल?"

"मला माहीत असता तर मीच फाटकावर पकडले गेले असते."

नाना हसले. नंतर आपण हसलो हे लक्षात येऊन खिडकीबाहेर बघू लागले.

घाटसावळीच्या पुढे काही अंतरावर गाड्यांची रांग लागलेली दिसली. नाथा उतरून बघून आला. उसाची जोडट्रॉली वळणावर आडवी झाली होती. अख्खा रस्ता उसाने भरलेला, एका बाजूला खोल चर, दुसऱ्या बाजूला पुलाचा कठडा. क्रेन बीडहून निघाली होती म्हणे. रांगेतल्या मोटरसायकलींवर हॉलतिकिटं धरलेली दोन-तीन पोरं होती, त्यांचे बाप कपाळाला हात लावून उभे होते.

तेवढ्यात नानांचा फोन वाजला. "जी साहेब... हो, अडकलोय... जी... बरं, वळवतो." फोन खिशात टाकून त्यांनी पुढे वाकून नाथाच्या खांद्याला बोट लावलं आणि हवेत गोल फिरवलं.

नाथाने गाडी मागे घेतली, वळवली.

युवराज ताठ झाला. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता, तो दगडासारखा झालेला मला कळला.

"ताई, गाडी कुठं चाललीय?"

"तेल टाकून येऊ म्हणलं," नाना पटकन म्हणाले. "तवर क्रेन येती. तेल टाकू, चहा मारू, मग जाऊ." आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिटून उघडले. गप बस, असं.

नाना वाईट माणूस नाहीत. आमच्याकडे सगळे असंच करतात. सुई टोचायला नेताना पोराला बाजार सांगतात. प्रवासातल्या माणसाला मयत कळवत नाहीत. आबा गेले त्या दिवशी माझ्या भावाचा, सोमेश्वरचा फोन आला होता: आबांना जरा बरं नाही, सलाईन लावलंय, ये सावकाश. मी एसटीत बसले. वाटेत एका स्टँडवर आबांसाठी चिकू घेतले, आणि पुढचा सगळा रस्ता ते दबू नयेत म्हणून पिशवी मांडीवर धरून बसले. गल्लीत शिरले तर दारात बायका बसलेल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पिशवीकडे बघत होत्या. त्या रस्त्यावर मी एकटीच होते जिला माहीत नव्हतं. कुणी माझं वाईट चिंतलं नव्हतं, म्हणून मला कुणावर रागावताही आलं नाही.

"ताई?"

"बीडला," मी म्हणाले. "साहेबांनी परत बोलावलंय."

नानांनी "अगं" एवढंच म्हटलं. पुढचं सगळं एकदम झालं. युवराजने डोकं काचेवर आपटलं. दोन्ही पायांनी पुढच्या सीटला लाथा घातल्या, गाडी रस्त्याच्या कडेला हेलपाटली. तो ओरडत होता, त्यात शब्द नव्हते. मग त्याचं कोपर मागे आलं आणि माझ्या तोंडावर बसलं. तोंडात रक्ताची चव आली. नानांचा हात गमछासह माझ्यावरून त्याच्याकडे निघाला होता.

"नाना, हात काढा. नाथाभाऊ, बाजूला घ्या आणि गाडी बंद करा."

"अगं मारलं तुला त्यानं!"

"हात काढा, नाना."

आबा म्हणायचे, पोर भडकलं की सगळे त्याच्याहून मोठ्यानं ओरडतात. आपण खाली यावं. आवाजानं, अंगानं पण. मी सीटवर जितकी खाली सरकता येईल तितकी सरकले. त्याच्या डोळ्यांत बघितलं नाही. हात मांडीवर उघडे ठेवले. इंजिन थांबलं. त्याच्या श्वासाचा आवाज लोहाराच्या भात्यासारखा येत होता.

"युवराज, मला लागलंय."

त्याचं धापा टाकणं थांबलं नाही, पण लाथा थांबल्या.

"मी तुला खरं सांगितलं. अजून एक खरं सांगते. वेळ अजून आहे. ट्रॉलीच्या पलीकडे गाडी मिळेल का, मला माहीत नाही. चालत जाऊन बघावं लागेल. न मिळाली तर पेपर गेला. बघायचं का?"

"खोटं."

"बघ, आणि मग म्हण खोटं."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. माझ्या ओठावरून रक्त हनुवटीवर आलं होतं. तो भिंतीसारखा पांढरा पडला आणि तोंड फिरवून बसला.

मी फौजदारसाहेबांना फोन लावला. साध्या शब्दांत सांगितलं: रस्ता गाडीला बंद आहे, माणसाला नाही, मंडळाच्या आदेशात मुलाला पेपरला हजर करायचं आहे, अर्ध्या वाटेतून परत आणायचं नाही, आम्ही पायी ओलांडून पलीकडून वाहन बघतो.

"उसात पळाला तर?"

"तर माझी नोकरी जाईल, सर."

"तुझी कशाला, माझी जाईल! भारतला दे."

मी फोन नानांकडे दिला. ते बराच वेळ "जी, जी" करत राहिले. मधेच त्यांची जीभ दाताच्या खिंडीत जाऊन आली. मला वाटलं, संपलं. मग ते म्हणाले, "न्हाई साहेब, पळत न्हाई त्यो. पेपरला चाललाय. मी हाय ना संगं." आणि फोन बंद करून माझ्यावरच डाफरले, "बगती काय, तोंड पूस. लोकं म्हणतील मीच मारलं."

गमछा पहिल्यांदा कामाला आला. मी ओठ पुसला, आणि नाथाने बाहेरून दार उघडलं.

ट्रॉलीजवळ पोचेपर्यंत मी त्याच्या शेजारून चालले, मागून नाही आणि पुढूनही नाही. कोर्टात पोलीस आरोपीच्या बोटांत बोटं अडकवून चालतात. आम्ही ते केलं नाही. नाना दोन पावलं मागे, पळायच्या तयारीत. त्यांच्या चपला त्यांनी हातात घेतल्या होत्या.

रस्त्यावर गुडघाभर ऊस. तोडणीवाल्या बायका मोळ्या ओढून कडेला लावत होत्या, एक तान्हं पोर ट्रॉलीच्या सावलीत झोपवलेलं. माणसं कठड्याला धरून एकामागे एक पलीकडे सरकत होती. आमच्या पुढचा माणूस अडला, एक मोळी वाटेतच पडली होती. युवराज पुढे झाला, वाकला, मोळीच्या शेंड्याकडच्या वाढ्यांत हात घालून एका हिसक्यात ती डोक्यावर घेतली. लहानपणापासून फडात वाढलेल्यालाच ते तसं जमतं. मोळी कडेला टाकली, आणि ती जिथे पडली होती तिथला कोयता दिसला.

सगळ्यांच्या आधी तो त्यालाच दिसला.

त्याने कोयता उचलला. माझ्यामागे नानांच्या पावलांचा आवाज थांबला. उजवीकडे, चराच्या पलीकडे, उभा ऊस होता, माणूस बुडेल इतका उंच.

युवराज मागे वळला. "मावशी," त्याने ओरडून विचारलं, "ह्यो कुणाचा?"

"माजा रं बाबा, कवाची हुडकायली."

"वाटंवर टाकत अस्तेत का? लोकं अनवाणी चाललेत." त्याने पातं आपल्याकडे धरून मूठ तिच्या हातात दिली, आणि नानांच्या अनवाणी पायांकडे बघितलं. नानांनी गुपचूप चपला घातल्या.

पलीकडे एसटी उभी होती. बीडला निघालेली, अडकलेली, आता वडवणीला माघारी फिरणारी. ती हलली तसा युवराज पळाला. खरंच पळाला, हात उंचावून, "ओ, थांबा!" करत. मीही पळाले. नाना मागून शिव्या घालत पळाले. बस कंडक्टरने थांबवली. दारात लटकून युवराजने मला हात दिला, आणि मी तो धरून चढले. कोण कुणाला घेऊन चाललंय हे त्या क्षणी कुणालाही सांगता आलं नसतं.

"पेपर हाय का?" कंडक्टरने त्याची पिशवी बघून विचारलं, आणि मग नानांकडे वळला. "काय राव, पोराचं दहावीचं वरीस, आन तुमी इतक्या उशिरा घर सोडता? बाप म्हणून काय अक्कल हाय का न्हाई?"

नाना धापा टाकत होते. "चुकलं," एवढंच म्हणाले.

बसभर लोक हसले. एका म्हातारीने सरकून युवराजला जागा दिली आणि मला विचारलं, "भाऊ का ग तुजा?"

"माझ्याबरोबर आहे," मी म्हणाले.

शाळेचं फाटक लागायच्या बेतात होतं. तिथल्या वर्दीतल्या शिपायाने हात आडवा केला. "कोण हा?"

"परीक्षार्थी," मी म्हणाले आणि पेनं युवराजच्या हातात दिली. तो आत गेला. वर्गाच्या दारापाशी त्याने मागे बघितलं. आम्ही आहोत का, ते बघितलं असावं. नानांनी हात वर केला, जणू आगगाडीला निरोप देतात तसा.

पेपर सुटेपर्यंत आम्ही कडुनिंबाखाली बसलो. नानांनी माझ्यासाठी बर्फ आणला. मग विषय काढला, जो निघणार हे मला ठाऊक होतं.

"तोंडाचं काय सांगायचं?"

"जे झालं ते."

"अगं, परवानगी जाईल पोराची! दाराला लागलं म्हण. खोटं कुठं होतंय, दार होतंच की तितं."

खरं सांगायचं तर तेव्हा मला दारच सांगावंसं वाटत होतं. इतकं करून आणायचं आणि आपल्याच जिभेने घालवायचं?

युवराज बाहेर आला तो मुलांच्या लोंढ्यात. बोटं शाईने माखलेली. "सगळं लिहिलं," म्हणाला, "पुरवणी पण घेतली." त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पूर्वी बघितलं नव्हतं, त्यामुळे ते पुसणं फार जड गेलं. पण नाथा रस्ता मोकळा झाल्यावर गाडी घेऊन आला होता, आणि गाडीत बसायच्या आत मी ते सांगितलं. उद्या मंडळापुढे मी खरं सांगणार. परवानगी जाऊ शकते.

तो दारापाशीच थांबला. "मग आत्ताच कावून सांगता? आजचा दिवस तरी खुशीत जाऊ द्यायचा."

"तिथे अचानक ऐकायला नको म्हणून."

"तुमी लई वंगाळ हाव, ताई," तो म्हणाला. स्वतः दार उघडलं आणि डाव्या खिडकीशी जाऊन बसला.

वस्तीचा फाटा आला, गेला. त्याने मान वळवून बघितलं. बस्स.

घरी आईने ओठ बघितला आणि हातातलं पीठ तसंच ठेवून उठली. मी तिला सगळं सांगितलं, नानांनी तेलाची थाप मारली तेही. ती हळदीचा लेप लावता लावता थांबली.

"सोमाला मीच म्हणलं होतं, तुला सांगू नको. एकटी पोरगी, वाटंत कोण धरील तिला."

"माहीत आहे, आई."

"राग हाय का?"

"होता."

तिने लेप पुरा केला, चुलीकडे गेली, आणि पाठमोरीच म्हणाली, "आबाच्या कपाटाला उंदीर लागतील. उघडून ठिव जरा." त्या संध्याकाळी मी कपाट उघडलं. शर्टांच्या घड्या होत्या, बाकी काही नव्हतं. मी दोन शर्ट उन्हात घालायला काढले.

दुसऱ्या दिवशी मंडळापुढे मी उभी राहिले. झालं ते क्रमाने सांगितलं. मॅडम चष्म्यावरून माझ्या ओठाकडे बघत होत्या. शेजारी समाजकार्याचे दोन सदस्य; मंडळ तिघांचं असतं. मी संपवल्यावर मॅडमनी युवराजकडे बघितलं. "तुला काही सांगायचंय?"

"मी मारलं ताईला. कोपर. मुद्दाम न्हाई..." तो थांबला. पायाने फरशी घासली. "न्हाई. तवा मुद्दामच मारलं. मला वाटलं पुन्यांदा फसवलं. नंतर लाज वाटली."

"एवढा ऊस होता, बांधलेलं नव्हतं. पळाला का नाहीस?"

"पेपर होता ना," तो म्हणाला, हे काय विचारणं झालं अशा सुरात.

सदस्यांपैकी एकजण हसू दाबत होते. मॅडम हसल्या नाहीत. "हवालदार, तुम्ही बोला. तुमचा दात यानेच पाडला ना?"

नाना पुढे आले. इस्त्रीचा शर्ट, हात मागे. मला वाटलं, आता दाराची थाप येते. "पाडला, मॅडम. त्या दिवशी मीच गाडीत होतो, आन घरी सोडतो म्हणून मीच सांगितलं होतं. काल पण तेलाची थाप मीच मारली. ह्या पोरीनं खरं सांगितलं तर पोरगं भडकलं, हे खरं हाय. पण भडकून निवलं पण. माज्या बावीस वर्सांच्या नोकरीत भडकल्यालं पोरगं बांधल्याबिगर निवल्यालं मी एकाच माणसाच्या हाताखाली बगितलतं. काल दुसऱ्यांदा बगितलं." मग जरा थांबून, "कोयता त्याच्या हातात होता, मॅडम. मी दोन हातावर होतो. त्यानं मला चपला घालाया लावल्या."

आता मॅडम हसल्या. तिघे वाकून आपसात बोलले. मी फरशीकडे बघत होते. युवराज खिडकीकडे. त्याचे हात मोकळे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"प्रकार घडला आहे," मॅडम म्हणाल्या. "तो कुणी लपवला नाही, म्हणून काय घडलं ते आम्हाला नीट कळलं. परवानगी शेवटच्या पेपरपर्यंत कायम. नेणारे हेच. मंडळाला न विचारता गाडी परत वळवायची नाही. आणि यापुढे जिल्ह्यात कुठल्याही मुलाला गाडीत बसवण्याआधी त्याला कुठे नेतोय, कुठे थांबणार, परत कुठे आणणार, हे त्याच्या भाषेत खरं सांगायचं. हे तोंडी नाही, आदेशात येईल."

बाहेर व्हरांड्यात नाना मला म्हणाले, "तात्याबाचा नियम सरकारी झाला की गं." आणि नाक शिंकरायला म्हणून खांबाआड गेले. बऱ्याच वेळाने आले. मी त्यांच्यासाठी चहा सांगून ठेवला होता. युवराजसाठीही.

हिंदीच्या पेपरला निघालो तेव्हा नानांच्या खांद्यावर काही नव्हतं. नाथाने काच थोडी जास्त उघडली, वारा येत होता. घाटसावळी मागे पडली आणि नानांचं डोकं डुलायला लागलं. काही वेळाने ते तोंड उघडं टाकून, दाताच्या खिंडीतून शीळ घालत, सरळ घोरू लागले. मी कोपराने ढोसायला गेले, तर युवराजने मान हलवली.

"राहू द्या, ताई," तो हळू म्हणाला. "वडवणी आली की मी उठवतो."